चार डबे

सकाळीं सातच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशीं कचऱ्याची गाडी येऊन उभी राहते आणि तिच्यावरचा भोंगा गाऊं लागतो. ती आली कीं घरोघरचीं दारें उघडतात, आणि एरवीं एकमेकांचें तोंडहि न पाहणारे आम्ही शेजारी हातांत बादल्या घेऊन एकमेकांस नमस्कार करतों, एवढा तिचा उपकार मान्य केला पाहिजे. कचरा देऊन माणूस परत फिरतो तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची प्रसन्नता असते. नुकतेंच स्नान करून आलेल्या माणसाची जी प्रसन्नता, तिच्याच कुळांतली ही. घरांतलें जें नको होतें तें गेलें; तें कोठें गेलें याचा विचार करण्याचें कारण उरलें नाहीं. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यांत मीं हें सुख जवळजवळ रोज भोगलें आहे. दोन पावसाळ्यांपूर्वीं मात्र तें माझ्या हातून गेलें, आणि तें परत मिळावें अशी इच्छाहि आतां उरलेली नाहीं. त्याची ही हकीकत आहे.

मनीषनगर हा नागपूरचा दक्षिणेकडील भाग. वर्धा रस्त्यावरून आमच्याकडे यावयाचें तर मध्यें रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात, आणि पुष्कळ वर्षें आमच्या आयुष्याचा बराच भाग तेथल्या फाटकाशीं उभें राहण्यांत गेला. पुढें वरून पूल झाला, खालून रस्ता झाला, आणि वस्तीला जणूं पाय फुटले. बेसा रस्त्याच्या बाजूनें इमारती उठल्या. इमारतींच्या मागोमाग दवाखाने आले, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आल्या, औषधांचीं दुकानें आलीं. म्हातारपण सुखाचें जावें म्हणून येथें घर घेणाऱ्या आमच्यासारख्यांना ही मोठी सोय वाटते. या साऱ्या ठिकाणीं रोज किती सुया मोडतात, किती कापूस रक्तानें भिजतो आणि तो संध्याकाळीं कोठें जातो, हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. मी महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. शब्द कोठून आले हें सांगण्यांत माझें आयुष्य गेलें. वस्तु कोठें जातात हें विचारण्याची संवय लागली नाहीं.

त्या पावसाळ्यांत माझ्या आईच्या पायाला जखम झाली. तिचें वय ब्यायशीं, मधुमेह जुना. जखम भरेना म्हणून तिला इस्पितळांत ठेवावें लागलें, एक लहानशी शस्त्रक्रिया झाली, आणि अकरा दिवस मी तिच्या खाटेशीं बसून काढले. इस्पितळांत रोग्यापेक्षां त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला वेळ फार असतो. वाचनांत मन लागत नाहीं. मग डोळे समोरच्या भिंतीवर खिळतात. माझ्या समोरच्या भिंतीशीं चार डबे होते : एक पिवळा, एक तांबडा, एक निळा, आणि एक पांढुरका, जाड पारदर्शक प्लास्टिकचा, वरून अरुंद तोंडाचा. त्यांच्यावर एक तक्ता टांगलेला होता. तो मीं पहिल्या दिवशीं वाचलाहि नाहीं. दुसऱ्या दिवशीं केळें सोलून साल सरळ पिवळ्या डब्यांत टाकली.

“सर, तो डबा तुमच्यासाठी नाही,” परिचारिका म्हणाली. मुलगी पंचविशीची असेल. माझ्या वर्गांतल्या मुलींहून चार-पांच वर्षांनीं मोठी. स्वरांत राग नव्हता, पण सवलतहि नव्हती. तिनें मोजे घातले, चिमट्यानें ती साल उचलली आणि दाराबाहेरच्या साध्या टोपलींत नेऊन टाकली. मग, मी ओशाळलों आहें असें पाहून म्हणा, कीं मी शिकविणारा माणूस आहें हें ठाऊक असल्यामुळें म्हणा, तिनें मलाच धडा दिला.

पिवळ्यांत जावयाचें तें शरीराचें आणि रक्ताचें : कापून काढलेला भाग, भिजलेल्या पट्ट्या, कापूस, मुदत संपलेलीं औषधें. तें जाळतात, आणि तेंहि साध्या शेकोटींत नव्हे. भट्टीला दोन कोठ्या असतात. पहिलींत सुमारें ८०० अंश उष्णता, आणि तिच्यांतून निघालेला धूर दुसरींत सुमारें १०५० अंशांवर निदान दोन सेकंद पुन्हा जाळावयाचा. तांबड्यांत सलाइनच्या नळ्या, पिशव्या, मोजे, सुई काढलेल्या सिरिंजा, म्हणजे सारें प्लास्टिक. तें जाळावयाचें नाहीं. त्याच्या धुरांत भलतींच विषें तयार होतात. तें वाफेनें निर्जंतुक करून त्याचे तुकडे करतात, मग त्याचा पुन्हा उपयोग होतो. निळ्यांत कांच. आणि त्या पांढुरक्या डब्यांत सुया, सुऱ्या, जें जें टोंचतें वा कापतें तें. त्या डब्यांत हात जात नाहीं, आणि आंतली सुई बाहेर डोकावत नाहीं. प्रत्येक पिशवीवर पट्ट्यांची खूण चिकटते, तिचें वजन वहींत चढतें, आणि पिवळी पिशवी अठ्ठेचाळीस तासांच्या वर इस्पितळांत ठेवावयाची नाहीं असा दंडक आहे. रोज बंद गाडी येते आणि शहरांतल्या साऱ्या दवाखान्यांचा असा कचरा एका ठिकाणीं नेते.

“आणि माझी केळ्याची साल त्यांत गेली असती तर?”

“तर तीही जळली असती, सर. एवढ्या महाग भट्टीत.”

पुढें मीं कुतूहलानें या विषयावर थोडें वाचलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें इस्पितळांतल्या शंभर भाग कचऱ्यांत सुमारें पंचायशीं भाग तुमच्या-आमच्या घरांतल्यासारखाच निरुपद्रवी असतो. भय उरलेल्या पंधरा भागांचें. पण ते पंधरा पंचायशींत मिसळले कीं शंभरचे शंभर भयंकर होतात. ही सारी विद्या या एका वाक्यांत आहे. मिसळल्यानंतर कोणीतरी निवडील, हा मार्गच येथें बंद आहे. कारण निवडावयाला हात लागतो आणि हात म्हणजे माणूस. म्हणून कचरा ज्याच्या हातून निर्माण झाला त्यानेंच, त्याच क्षणीं, त्याच जागीं तो वेगळा करावयाचा. आपल्या देशांत याचे नियम प्रथम १९९८ सालीं झाले, आणि २०१६ सालीं ते नव्यानें व अधिक कसोशीनें लिहिले गेले. त्यांतलें एक कलम मला विशेष आवडलें : असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास काविळीच्या ‘ब’ विषाणूची आणि धनुर्वाताची लस टोंचलीच पाहिजे. कायद्याच्या रुक्ष भाषेंत कोणाच्यातरी हाताची आठवण ठेवलेली पाहून बरें वाटलें.

ही आठवण न ठेवली तर काय होतें याचा दाखलाहि दूरचा नाहीं. २००९ सालीं गुजरातेंतील मोडासा गांवीं या ‘ब’ विषाणूच्या काविळीची साथ उसळली आणि कित्येक माणसें दगावलीं. चौकशींत निघालें तें हेंच, कीं एकदां वापरलेल्या सिरिंजा व सुया पुन्हा वापरल्या जात होत्या. तांबड्या डब्यांतल्या वस्तूंचे तुकडे कां करावयाचे, याचें उत्तर मोडाशानें दिलें आहे : अखंड राहिलेली सिरिंज पुन्हा बाजाराची वाट धरूं शकते.

अकराव्या दिवशीं आईला घरीं आणलें. आतां तिला दिवसांतून दोन वेळां इन्सुलिन द्यावयाचें होतें, आणि तें मीच देऊं लागलों. त्याचा मला, खरें सांगावयाचें तर, थोडा अभिमानहि वाटे. इन्सुलिनच्या पेनाला नवी सुई लावावी, आंकडा फिरवावा, हलकेंच टोंचावें, आईनें “कळलंसुद्धां नाही रे” म्हणावें. मग ती सुई काढून तिच्यावर तिचें इवलेंसें टोपण बसवावें, वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळावी आणि भाजीच्या देंठांबरोबर बादलींत टाकावी. अकरा दिवस मी त्या तक्त्यासमोर बसलों होतों. सुई कोणत्या डब्यांत जाते हें मला कोणीं झोंपेंतून उठवून विचारलें असतें तरी सांगतां आलें असतें. परंतु माझ्या घरांत पांढुरका डबा नव्हता, आणि डबा नाहीं तेथें प्रश्नहि नाहीं, असें कांहींसें माझें मन समजून चाललें होतें. नियम इस्पितळाच्या दारापर्यंत मला पोंचवावयास आला आणि तेथून नमस्कार करून परत गेला.

आश्विनांतली एक सकाळ. बादली देऊन मी वळलों तोंच मागें “आई गं” असा लहानसा शब्द ऐकूं आला. गाडीवर काम करणाऱ्या बाई ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करीत होत्या. आम्हीं एकत्र दिलेला. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर रक्ताचा एक थेंब उभा राहिला होता. पदरानें तो पुसून त्या बोट तोंडांत घालणार, एवढ्यांत मी ओरडलों.

“ताई, तोंडांत घालूं नका!”

“काई नाई जी सर, टोचलं जरासं. रोजचंच हाय.”

रोजचंच! मीं गाडींत पाहिलें. वर्तमानपत्राचा एक कागद उलगडून पडला होता आणि त्याच्या घडींतून टोपण निसटलेली बारीक सुई वर आली होती. कागदावर शब्दकोडें होतें. अर्धें सुटलेलें, पेन्सिलीनें, अक्षर माझें.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती करण्यासाठींच हा लेख मी लिहीत आहें. तो कागद माझा आहे हें त्या वेळीं जगांत फक्त मला ठाऊक होतें. बाईंनीं तो पाहिला होता, पण त्यांना माझें अक्षर कोठून ओळखूं येणार? शेजारी घरांत गेले होते. अर्ध्या मिनिटापेक्षां अधिक काळ गेला नसेल. पण तेवढ्या अवधींत माझ्या मनानें पळून जाण्याच्या सगळ्या वाटा चांचपून पाहिल्या. त्या स्वतःच म्हणत आहेत कीं कांहीं नाहीं. मला दहा वाजतां वर्ग आहे. हात धुवायला सांगावें, शंभराची एक नोट द्यावी, आणि त्या सहृदयतेबद्दल स्वतःची पाठ थोपटावी. तीस वर्षें मुलांना मी सज्जन माणसाची व्याख्या सांगत आलों. ती व्याख्या त्या सकाळीं मला फार अडचणीची झाली.

मला सोडविलें तें सद्गुणानें नव्हे, हिशोबानें. आईची शस्त्रक्रिया होण्यापूर्वीं तिचें रक्त तपासलें होतें. तिला काविळीचे विषाणू नव्हते, एड्सचा नव्हता. सुई माझी असेल तर बाईंना भय जवळजवळ नाहींच. सुई कोणाची हें न कळलें तर मात्र भय सगळेंच. म्हणजे माझ्या गप्प बसण्यानें माझी लाज वांचणार होती, आणि तिची किंमत या बाईंनीं सहा महिन्यांच्या काळजीनें भरावयाची होती. एवढें स्वच्छ गणित समोर मांडल्यावर मला तोंड उघडावेंच लागलें.

“ताई, ही सुई माझ्या घरची आहे. माझ्या आईची.”

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. रागावल्या असत्या तर मला सोपें गेलें असतें. “आजीची काय?” एवढेंच म्हणाल्या, आणि मग, “आजी बऱ्या हायेत ना जी?”

नळाखालीं साबणानें हात धुवून घेतला. जखम पिळावयाची नसते, धार सोडावयाची असते, हें मला त्या परिचारिकेनें कधींतरी सांगितलें होतें. मग रिक्षा करून आम्ही त्याच इस्पितळांत गेलों. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो : “सुई कोणाची, ठाऊक आहे?” ठाऊक नसतें तर, ते म्हणाले, निर्णय अवघड होता. अनोळखी सुईच्या बाबतींत ‘ब’ विषाणूचें भय सर्वांत मोठें. तो शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागांतसुद्धां, निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो. एड्सच्या विषाणूचा संभव पुष्कळच कमी, हजारांत तीनाच्या आसपास, तोहि सुई रोग्याची असेल तर. पण औषध घ्यावयाचें तर तें बहात्तर तासांच्या आंत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावें लागतें, आणि तें सोसणें सोपें नाहीं. आईचे कागद मीं पुढें ठेवले. ते पाहून त्यांनीं तें औषध नको म्हणून सांगितलें. धनुर्वाताची सुई दिली, ‘ब’ काविळीच्या लशीची पहिली मात्रा दिली, दुसरी महिन्यानें आणि तिसरी सहा महिन्यांनीं घेण्यास बजावलें. बाईंनीं आयुष्यांत ही लस घेतली नव्हती. इस्पितळाच्या भिंतीआंत जो कचरा उचलतो त्याच्यासाठीं कायद्यानें लस सांगितली आहे. भिंतीबाहेर तीच सुई ज्याच्या बोटांत जाते त्याचें नांव त्या कलमांत नाहीं.

परत येतांना मीं विचारलें, “हातमोजे नाहीं का घालीत?”

“भेटतात जी. पण उन्हाळ्यात हात उकडते, अन् मोज्यातूनबी सुई जातेच.”

तें खरेंच आहे. सुईला मोजा अडवीत नाहीं. सुईला डबाच अडवितो.

घरीं येऊन मी बराच वेळ बसून राहिलों. १८४७ सालची व्हिएन्नाची एक गोष्ट मला आठवत होती. तेथल्या मोठ्या इस्पितळांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत सुइणी काम करीत, दुसऱ्यांत डॉक्टर व त्यांचे विद्यार्थी. आणि डॉक्टरांच्या विभागांत बाळंतिणी फार मरत. सेमेलवाइस नांवाच्या तरुण डॉक्टरानें ओळखलें कीं प्रेतें चिरून आलेले हात तसेच बाळंतिणींना लागतात, तेंच मरणाचें कारण. त्यानें क्लोरिनच्या चुन्यानें हात धुवावयास लावले आणि मृत्यूंची संख्या झपाट्यानें उतरली. तरी त्याच्या व्यवसायबंधूंपैकीं पुष्कळांनीं तें मानलें नाहीं. विद्वानाचा, सभ्य माणसाचा हात घाण असूं शकतो, हेंच त्यांच्या घशाखालीं उतरेना. ही गोष्ट मीं वर्गांत कितीदां तरी सांगितली आहे, आणि दर वेळीं त्या आढ्यतेखोर डॉक्टरांना हंसलों आहें. त्या दिवशीं हंसूं आलें नाहीं.

आमच्या लोकांस स्वच्छतेचें प्रेम नाहीं असें मी म्हणणार नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं सोंवळ्याओंवळ्याचा जो बारकावा पाळला जाई, त्यापुढें इस्पितळाचा तक्ता कांहींच नव्हे. खरकटें कोणतें, उष्टें कोणतें, निर्माल्य कोणतें, विटाळ कशाचा, याचे वेगळे शब्द, वेगळ्या जागा, वेगळे हात. परंतु त्या साऱ्या व्यवस्थेचा डोळा आपल्या उंबऱ्याच्या आंत होता. उंबऱ्यापलीकडे गेलें कीं झालें. आणि पलीकडे जो उभा असे त्यालाच आम्हीं ओंवळा ठरविलें. माणसांचें वर्गीकरण आपण जन्मतःच करून मोकळे झालों. कचऱ्याचें करावयाचें राहून गेलें. आमच्या विदर्भांतच गाडगे महाराजांनीं आयुष्यभर हातांत खराटा धरला. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतांना बाबा आमट्यांनीं डोक्यावरून मैला वाहिला, आणि तें काम करीत असतांनाच त्यांना तो कुष्ठरोगी दिसला ज्याच्यामुळें पुढें आनंदवन उभें राहिलें. या दोघांच्या तसबिरी आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहांत आहेत. त्यांच्याखालीं उभें राहून मीं भाषणेंहि केलीं आहेत.

संध्याकाळीं आईला सारें सांगितलें. ती कांहीं वेळ आपल्या पायाच्या पट्टीकडे पाहत राहिली. “माझी सुई तिला लागली?” तिनें विचारलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी आली तेव्हां ती भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि तिनें बाईंना चहा दिला. कप कोणता आहे हें मीं मुद्दाम पाहिलें. आमच्या घरांत अशा माणसांसाठीं एक कानतुटका कप वेगळा असे; तिनें दिला तो तिच्या स्वतःच्या कपाचा जोडीदार होता. मी कांहीं बोललों नाहीं, तीहि बोलली नाहीं.

तुपाची एक जाड प्लास्टिकची बरणी घासून पुसून मीं कपाटांत ठेवली. फिरकीचें झांकण, वर चिठ्ठी : ‘सुया’. सुई काढली कीं टोपण बसविण्याचा खटाटोप न करतां सरळ तिच्यांत. बरणी तीन-चतुर्थांश भरली कीं झांकण पक्कें करावयाचें. पण पुढें? २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांत घरच्या वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचऱ्यांत घालून त्या वेगळ्या द्याव्या असें म्हटलें होतें. माझ्या गल्लींत मात्र त्या वेगळ्या घेणारें कोणी नव्हतें. दोन दवाखान्यांत विचारलें. तेथें माझ्याकडे संशयानें पाहिलें गेलें. शेवटीं बरणी घेऊन त्या परिचारिकेकडे गेलों. तिनें वरिष्ठांना विचारलें, परत आली, आणि बरणी झांकणासकट त्या चौथ्या डब्याच्या मोठ्या भावांत टाकली. “दर महिन्याला आणा, सर,” ती म्हणाली. आमच्या इमारतींत इन्सुलिन घेणारीं आणखी चार घरें निघालीं. त्यांनाहि बरण्या दिल्या. दोघांनीं त्या वापरल्या, एकानें त्यांत लोणचें घातलें, चौथे अजून विचार करीत आहेत.

चैत्रांत बाईंची तिसरी मात्रा झाली आणि रक्ताची तपासणीहि. सर्व ठीक निघालें. कागद मीं त्यांना वाचून दाखविला. त्यांनीं तो चार घड्या करून कमरेच्या पिशवींत ठेवला आणि त्या कामाला लागल्या. माझी क्षमा केली किंवा नाहीं, हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. कारण विचारणें म्हणजे आपलें आणखी एक ओझें त्यांच्या गाडींत टाकणें.

परवां महिनाअखेर मी बरणी हातांत घेऊन जिना उतरत होतों. गाडी दाराशींच उभी होती. बाईंनीं बरणी पाहिली आणि हात पुढें केला.

“द्या जी सर, म्या नेतो. दवाखाना माह्या रस्त्यातच हाय.”

“नको, ताई,” मी म्हणालों, “ही मीच नेतों.” आणि रुळांखालच्या रस्त्यानें इस्पितळाकडे चालूं लागलों.